संगणक परत करायची तारीख

वीज, पाणी किंवा बससेवा देणाऱ्या संस्थेत नव्या संगणकांचा विषय निघाला की चर्चा एकाच जागी अडते: विकत घ्यायचे की भाड्याने? एक बाजू म्हणते, भाड्याने घेतले की एकरकमी पैसा अडकत नाही आणि यंत्रे जुनी व्हायच्या आत बदलता येतात. दुसरी म्हणते, तेवढ्याच पैशात वस्तू आपली होते, मग भाडे कशाला भरायचे? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण सार्वजनिक पैसा बुडतो तो या निवडीत नाही. यंत्रे कधी आणि कशी परत जाणार हे आधी न ठरवल्यामुळे तो बुडतो. वाद सगळा सुरुवातीच्या दरावर होतो, गळती मात्र कराराच्या शेवटच्या महिन्यानंतर सुरू होते.

आकडे मांडून पाहू. उदाहरणापुरते ५०,००० रुपये किमतीचे टेबलावरचे एक यंत्र धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,००० रुपये. वीज वितरणावर आणि नळाच्या पाण्यावर जीएसटी नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेल्या या कराची वजावटही संस्थेला मिळत नाही. एखादी आयटी कंपनी हा कर पुढे वळता करते. वीज-पाणीवाल्यांना तो पदरचा खर्च आहे, म्हणजे यंत्र ५९,००० ला पडते. ही रक्कम ९ टक्के व्याजाच्या कर्जातून उभी केली तर ३६ महिन्यांचा हप्ता १,८७६ रुपये आणि एकूण खर्च साधारण ६७,५०० रुपये.

आता तेच यंत्र भाड्याने. पुरवठादार स्वतःचा पैसा १२ टक्क्यांनी धरतो आणि ३६ महिन्यांनंतर यंत्र ५,००० ला विकले जाईल असे गृहीत धरतो, असे समजू. भाडे बसते महिना १,५४५ रुपये, जीएसटीसह १,८२३. तीन वर्षांत ६५,६०० च्या आसपास. इथे एक गोष्ट सहसा टिपणीत येत नाही. कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, पण भाड्याच्या हप्त्यात दडलेल्या व्याजावर लागतो. म्हणून खरेदीत ९,००० असलेला कर भाड्यात १०,००० च्या वर जातो. तरीही दोन्ही मार्ग जवळजवळ सारखेच पडतात. विकत घेतलेले यंत्र तीन वर्षांनंतर आपल्याकडे राहते एवढे धरले तर खरेदी दोन-तीन हजारांनी स्वस्त, इतकाच फरक.

पुढचा आकडा मात्र कोणी मांडत नाही. ३६ महिने संपले, नवी निविदा तयार नाही, म्हणून तीन महिन्यांची मुदतवाढ दिली. त्या तीन महिन्यांचे भाडे ५,४६९ रुपये. ज्या यंत्राची उरलेली किंमत पुरवठादारानेच ५,००० धरली होती, त्यासाठी त्याहून जास्त भाडे तीन महिन्यांत गेले आणि यंत्र अजून त्याचेच आहे. मुदतवाढ वर्षभर चालली तर यंत्रामागे २१,८७६ रुपये. हजार यंत्रे असतील तर दोन कोटी एकोणीस लाख, आणि तेही पूर्ण किंमत वसूल होऊन गेलेल्या यंत्रांवर. विकत की भाड्याने या वादात जो फरक दोन-तीन हजारांचा होता, तो एका कार्योत्तर (खर्च होऊन गेल्यावरच्या) मंजुरीच्या टिपणीत वीस हजारांच्या पुढे जातो.

मुदतवाढ का द्यावी लागते हे उलटे मोजत गेले की कळते. करार ३० जून २०२८ ला संपणार आहे असे समजा. परतीची सूचना ९० दिवस आधी द्यावी लागते, ती चुकली तर बहुतेक करारांत भाडे आपोआप पुढे चालू राहते. म्हणजे मार्चअखेरीपर्यंत लेखी सूचना गेली पाहिजे. नवी यंत्रे एप्रिलपासून टेबलावर यायला हवीत, कारण अदलाबदल एका दिवसात होत नाही. कार्यादेशानंतर पुरवठ्याला आठ ते दहा आठवडे, म्हणजे कार्यादेश जानेवारीत. निविदा प्रसिद्ध होण्यापासून कार्यादेशापर्यंत चार-पाच महिने, म्हणजे निविदा ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. तपशील आणि अंदाजपत्रक करायला दोन महिने. थोडक्यात, जून २०२८ मध्ये संपणाऱ्या कराराचे काम जून २०२७ मध्ये सुरू व्हायला हवे. प्रत्यक्षात फाइल उघडते ती पुरवठादाराचे मुदत संपल्याचे पत्र येते तेव्हा.

त्यात आचारसंहिता. २०२४ साली १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती. १५ ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा झाली आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा तेच. वर्षातले सुमारे चार महिने नव्या कामांचे निर्णय रखडले. निवडणुकांचा सुमार पाच वर्षे आधी सर्वांना ठाऊक असतो. मग भाडेकरार एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपेल अशी तारीख घालायची तरी कशाला? पुरवठ्याची तारीख दोन महिने मागेपुढे केली तर करार जानेवारी किंवा ऑगस्टमध्ये संपवता येतो. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही, समोर कॅलेंडर ठेवावे लागते एवढेच.

मार्चअखेरची सवयही इथेच नडते. अंदाजपत्रकातली रक्कम परत जाऊ नये म्हणून सगळी यंत्रे एकाच मार्चमध्ये घेतली जातात. एकाच मार्चमध्ये आलेली यंत्रे एकाच वर्षी म्हातारी होतात. त्या वर्षी हजार यंत्रांचा डोंगर एकदम हलवायचा आणि मधली तीन वर्षे संगणक विभागाला या बाबतीत काहीच काम नाही. याऐवजी १,२०० यंत्रे ४८ महिन्यांच्या चक्रात बसवली तर दर तिमाहीला ७५ बदलायची. दोन जणांची जोडी दिवसाला सहा ते आठ यंत्रे नीट बदलू शकते, त्यामुळे एका जोडीला दोन-अडीच आठवडे पुरतात. हजार एकदम बदलायची तर पाच जोड्या सव्वा-दीड महिना दुसरे काही करू शकत नाहीत आणि त्या काळात नेटवर्कच्या तक्रारी पडून राहतात.

एका यंत्राला एवढा वेळ का लागतो, असे ज्यांनी हे काम केलेले नाही ते विचारतात. विंडोज आणि ऑफिस आधीच भरून आणता येते, तिथे वेळ जात नाही. वेळ जातो तो टेबलावरच्या माणसाच्या कामात. वीस वर्षांच्या टिपण्या आणि पत्रे श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्या युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे नव्या यंत्रावर उघडल्या की अक्षरांची खिचडी दिसते. ही दोन्ही सॉफ्टवेअर पुण्यातच घडली आणि त्यांनी मराठी कार्यालये चालवली, याबद्दल आदरच आहे. पण त्यांचे परवाने त्या त्या यंत्राशी किंवा, काही आवृत्त्यांत, डोंगलशी म्हणजे यंत्राला जोडायच्या छोट्या किल्लीशी बांधलेले असतात. शिवाय अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, भरणा केंद्रावरच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, बिलिंगसाठी लागणारी ब्राउझरची ठरावीक मांडणी. ही यादी प्रत्येक टेबलाची वेगळी असते आणि अदलाबदलीच्या आधी महिनाभर ती लिहून काढलेली नसेल तर नवे यंत्र खोक्यात पडून राहते आणि जुन्याचे भाडे चालू राहते. फॉन्ट रूपांतराचे काम तर निविदेत वेगळी बाब म्हणून दाखवावे. ते फुकटात होईल असे गृहीत धरले की होत नाही.

मग भाड्याच्या भानगडीत पडूच नये का? पडावे, आणि त्याचे कारण पैशाचे नाही. सरकारी जागेत विकत घेतलेले यंत्र बाहेर पडत नाही. जडसंग्रह नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो, निर्लेखनासाठी म्हणजे ते वहीतून कायमचे काढून टाकण्यासाठी समिती लागते, समितीच्या बैठकीला मुहूर्त लागत नाही. बंद यंत्रे जिन्याखाली आणि अभिलेख कक्षात साठत जातात. जी चालू असतात ती त्याहून धोकादायक. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा बहुतेक आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ती पिढी २०१७ च्या उत्तरार्धात आली. म्हणजे त्याआधी घेतलेली यंत्रे कितीही ठणठणीत चालत असली तरी सुरक्षेच्या दृष्टीने संपली. संस्थांना वाढीव सुरक्षा दुरुस्त्या विकत मिळतात, पण त्यांचा दर दरवर्षी दुप्पट होतो. ग्राहकाचे नाव, पत्ता, मोबाइल आणि बँकेचे तपशील ज्या यंत्रावरून हाताळले जातात ते असे उघडे ठेवणे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर फार महागात पडू शकते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड त्यात २५० कोटींपर्यंत आहे. भाडेकरारात यंत्राला जाण्याची तारीख असते, आणि हाच त्याचा खरा फायदा. ती तारीख पाळायची नसेल तर खरेदीच बरी.

हिशेबाच्या वह्या या बाबतीत मदत करत नाहीत. कंपनी कायद्याच्या अनुसूची २ मध्ये टेबलावरच्या यंत्राचे आयुष्य ३ वर्षे आणि सर्व्हरचे ६ वर्षे धरले आहे. प्राप्तिकरात घसारा ४० टक्के. वीज क्षेत्रात नियामकाचा दर चालतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या तक्त्यात संगणक सामग्रीला १५ टक्के आणि उरलेले मूल्य शून्य, म्हणजे साधारण ६ वर्षे ८ महिने. एकाच यंत्राला तीन वयोमर्यादा. त्यातून आपल्या कामाला योग्य ती कोणती हे संस्थेनेच ठरवायला हवे, आणि माझ्या मते टेबलावरच्या यंत्राला चार वर्षे हे बरोबर उत्तर आहे. तीन वर्षांचा करार खासगी कंपन्यांच्या सवयीतून आला आहे. बिल भरून घेणाऱ्या खिडकीला दर तीन वर्षांनी नवे यंत्र लागत नाही. पाच वर्षांचा करार केला तर वरच्याच दराने, शेवटची किंमत शून्य धरून, भाडे ७८,७०० च्या घरात जाते आणि कर्जातून खरेदी ७३,५०० ला पडते. तितका काळ वापरायचेच असेल तर विकत घ्यावे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या नजरेआड राहते. कंपनी म्हणून नोंदलेल्या मोठ्या संस्थांना १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांसाठी इंड एएस ११६ हे हिशेबाचे मानक लागू आहे. भाड्याने घेतलेली मोठी मालमत्ता ताळेबंदात दाखवावी लागते. पण कमी किमतीच्या वस्तूंना सूट घेता येते, आणि ती किंमत एकेका वस्तूची पाहतात, हजारांची मिळून नव्हे. म्हणून दोन हजार संगणकांचे पुढच्या चार वर्षांचे कोट्यवधींचे देणे ताळेबंदात दायित्व म्हणून दिसतच नाही, त्या त्या वर्षीचा खर्च तेवढा दिसतो. हे नियमात बसते. पण दर ठरवताना नियामकासमोर आणि अंदाजपत्रकात नागरिकांसमोर हे देणे स्वतंत्रपणे मांडायला नको का? शेवटी ते वीजबिलातून किंवा मिळकतकरातूनच वसूल होते.

आता करारातल्या कलमांकडे. बहुतेक तंटे चार-पाच जागीच होतात.

पहिली जागा म्हणजे भाडे कधी सुरू होते. पाचशे यंत्रे सात खेपांत आली आणि मुख्य मुदत शेवटच्या खेपेच्या स्वीकृतीपासून सुरू झाली, तर आधीच्या खेपांचे दिवसागणिक भाडे वेगळे आकारले जाते आणि ते ४८ महिन्यांत धरले जात नाही. प्रत्येक खेपेची स्वतंत्र अनुसूची, स्वतंत्र स्वीकृती प्रमाणपत्र आणि स्वतंत्र शेवटची तारीख असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी जागा सर्वांत महत्त्वाची. भाडे आणि दुरुस्ती एकाच करारात बांधलेली असतात. पुरवठादार करार झाल्यावर भाड्याचा हक्क बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे वर्ग करतो. मग यंत्र बंद पडून तीन आठवडे झाले तरी भाडे थांबवता येत नाही, कारण वित्तसंस्था म्हणते की दुरुस्तीशी आमचा संबंध नाही, आणि करारात तसे लिहिलेलेही असते. म्हणून भाडे वेगळे, सेवा वेगळी. सेवेच्या करारात दुरुस्तीची वेळ तासांत, दंड रुपयांत, आणि दर शंभर यंत्रांमागे तीन ते पाच राखीव यंत्रे उपविभागातच ठेवलेली. भोरच्या किंवा मुळशीच्या शाखेला यंत्र पोहोचवायला पुण्याहून माणूस जायची वाट पाहावी लागली तर चार तासांच्या हमीला अर्थ राहत नाही.

तिसरी, परतीच्या वेळचा हिशेब. यादीत यंत्र, मॉनिटर, कीबोर्ड, अडॅप्टर यांचे अनुक्रमांक वेगवेगळे असतात. चार वर्षांत मॉनिटर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात, दुसऱ्याच खेपेचे मॉनिटर परत जातात आणि संपूर्ण संच न परतल्याची आकारणी होते. बायोसचा पासवर्ड कोणी टाकला ते आठवत नाही, त्याचीही आकारणी. मध्ये कोणीतरी यंत्र मंद चालते म्हणून स्वखर्चाने ८ जीबी मेमरी बसवलेली असते, ती परतीला पुरवठादाराच्या घरी जाते. सुरुवातीलाच १६ जीबी आणि ५१२ जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) मागणे स्वस्त पडते. निविदेतच नुकसानीचा दरतक्ता मागवावा आणि एल-वन म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार ठरवताना तो हिशेबात घ्यावा. नुसते मासिक भाडे पाहून एल-वन काढला की पुरवठादार भाडे कमी लावतो आणि परतीच्या आकारणीत भरून काढतो. त्यात त्याचा दोष नाही, आपण तेवढेच विचारले म्हणून त्याने तेवढेच सांगितले.

जुन्या लॅपटॉपची किंमत काय मिळते हे पुण्यात बसून कळत नाही असे कोणी म्हणू नये. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांतून दर तीन-चार वर्षांनी निघणाऱ्या यंत्रांचा चालता बाजार याच शहरात आहे. निविदेतले शेवटच्या किमतीचे गृहीतक आठवडाभरात तपासता येते.

चौथी जागा डिस्कची. ग्राहकांची माहिती असलेली एसएसडी परत द्यायची नाही, किंवा द्यायची तर पुसल्याचा दाखला यंत्रागणिक घ्यायचा. जुन्या फिरत्या डिस्कसारखी चुंबकाने एसएसडी पुसली जात नाही, आणि नुसते फॉरमॅट करूनही माहिती जात नाही. पहिल्या दिवसापासून डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) ठेवली आणि शेवटी उत्पादकाच्या आज्ञावलीने किल्ली नष्ट करून पुसली तर काम मिनिटांत होते. डिस्क ठेवून घेण्याचा दर करारात आधीच ठरवलेला असावा. भाड्याच्या फायरवॉलचेही असेच. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि यंत्रासोबत त्या परत गेल्या तर चौकशीच्या वेळी हात रिकामे.

पाणी आणि वीज या दोन गोष्टी करारात कोणी नीट लिहीत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या कार्यालयांत यंत्रे जमिनीवर ठेवलेली असतात. भाड्याच्या यंत्राचे पाण्याने झालेले नुकसान वापरणाऱ्याच्या माथी येते, आणि विमा कोणी काढायचा हे लिहिलेले नसेल तर उरलेले सगळे भाडे एकरकमी भरावे लागते. पूररेषेजवळच्या कार्यालयांची यादी कराराला जोडावी, यंत्रे टेबलाच्या पातळीवर ठेवावीत आणि विम्यात पूर स्पष्ट लिहून घ्यावा. विजेचे म्हणाल तर गुरुवारची देखभाल पुणेकरांना नवी नाही. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी तीन-चार वर्षे टिकते, तीही खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. भाडेकरारात बॅटरी जवळजवळ नेहमी वगळलेली असते, त्यामुळे तिसऱ्या वर्षी यूपीएस नुसते खोके उरते. ४८ महिन्यांच्या करारात एकदा बॅटरी बदलणे दरात धरूनच घ्यावे.

हे सगळे टेबलावरच्या आणि हातातल्या यंत्रांबद्दल झाले. पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या पंपांचे नियंत्रक, उपकेंद्रातले आरटीयू (दूरवरून माहिती पाठवणारे संच), नियंत्रण कक्षातले स्काडाचे म्हणजे दूरनियंत्रण प्रणालीचे सर्व्हर यांना भाड्याच्या यादीत आणू नये. ती सामग्री दहा-पंधरा वर्षे चालते, तिचे सॉफ्टवेअर ठरावीक आवृत्तीशी बांधलेले असते आणि ती काढायची म्हणजे पाणी किंवा वीज थांबवायची. अशा ठिकाणी परतीची तारीख पुरवठादाराच्या हाती द्यायची नसते. वीज क्षेत्रात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची ७ ऑक्टोबर २०२१ ची सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे विश्वासार्ह स्रोताकडून खरेदीचा आग्रह धरतात तो याचसाठी. एकाच निविदेत बिल खिडकीचे संगणक आणि नियंत्रण कक्षाचे सर्व्हर घातले की दर चांगला मिळतो असे सांगितले जाते. दर मिळतो, आणि चार वर्षांनी पंपघराचा ताबा वाटाघाटीला येतो.

विकत घेतलेल्या यंत्रांनाही जायला वाट हवी. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वर्षात हजार किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था त्यात मोठी ग्राहक ठरते. तिला जुनी सामग्री नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांनाच देता येते. भंगारवाल्याला लिलावात देणे बसत नाही. निर्लेखन समितीची बैठक वर्षातून दोनदा, ठरलेल्या तारखेला घेतली तर जिन्याखालची यंत्रे हलतील.

पुण्यातल्या सार्वजनिक संस्थांकडे मागायचे ते एवढेच. आपल्याकडची किती यंत्रे भाड्याची, प्रत्येक खेपेचा करार कोणत्या तारखेला संपतो, पुढची निविदा कोणत्या महिन्यात निघणार आणि मुदतवाढीत गेल्या वर्षी किती महिन्यांचे भाडे गेले, हे चार स्तंभ अंदाजपत्रकासोबत दरवर्षी छापावेत. हजार यंत्रांची अशी यादी दोन पानांत बसते. मुदतवाढीचा स्तंभ पहिल्याच वर्षी भरावा लागेल, तेव्हा त्यात कोणाच्या सहीने आणि किती दिवस आधी सूचना गेली होती तेही लिहावे.